जुन्या पद्मिनीला एसी : आधी उष्णतेचा हिशेब

पद्मिनीला नाहीतर अँबॅसिडरला एसी बसवायचं ठरलं की बोलणं लगेच कॉम्प्रेसरवर येतं. मारुतीचा बसेल का, नवा घ्यावा की स्क्रॅपमधला, यातच सगळे अडकतात. माझ्या मते कॉम्प्रेसर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. केबिनमधून उपसलेली उष्णता टाकायची कुठे आणि उपसायला ताकद आणायची कुठून, हे खरं अवघड.

एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उचलून दुसरीकडे नेतो. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवलेलं स्पिरिट उडताना गार लागतं, तेच तत्त्व इथे आहे. गाडीच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबलेली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम होते, म्हणून तर कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या नाकातल्या जाळीदार नळ्यांत, ती उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होऊ शकते.

आता आकडे. भर दुपारी ऊन दर चौरस मीटरला १००० वॅटच्या घरात पोचतं. वर पातळ पत्रा आणि चारी बाजूंनी काच, त्यामुळे एवढ्याशा केबिनलाही एका खोलीला पुरेल असा टनभराचा, म्हणजे ३.५ किलोवॅटचा एसी लागतो. त्यासाठी कॉम्प्रेसर इंजिनाकडून दीड-दोन किलोवॅट घेतो आणि त्याचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे कंडेन्सरला पाच किलोवॅटहून जास्त उष्णता बाहेर टाकायची आहे. तो बसतो रेडिएटरच्या पुढे. जी ताजी हवा आजवर रेडिएटरला मिळत होती, ती आता तापून मिळणार.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. मे महिन्यात निपाणीजवळचा तवंदी घाट भरल्या गाडीनं चढताना ते आधीच घामाघूम झालेलं असतं. त्यावर एसी चालू केला की पाण्याचा काटा वर सरकायला लागतो. म्हणून पैसे खर्च करायचे तर आधी रेडिएटरवर करावेत. त्याचा कोअर, म्हणजे नळ्यांचा गाभा, जाड करून घ्यावा, पंख्याला शराउड, म्हणजे भोवतीचं कडं लावावं, कंडेन्सरसाठी वेगळा विजेचा पंखा बसवावा. कंडेन्सर जुन्या वळणाच्या नळीचा न घेता सपाट नळ्यांचा, पॅरलल फ्लो पद्धतीचा घ्यावा. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता टाकतो, आणि जुन्या गाडीच्या नाकात जागाच तेवढी असते.

विजेचंही तसंच. कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या मॅग्नेट क्लचला तीन-चार अँपिअर, ब्लोअरला आठ-दहा, कंडेन्सरच्या पंख्याला तितकेच. जुन्या गाड्यांचा डायनमो पूर्ण फिरला तरी वीस-बावीस अँपिअर देतो, आणि सिग्नलला गाडी उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालले तर बॅटरी उतरणारच. इथे डायनमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे इंजिन हळू फिरतानाही वीज देणारं जनित्र, बसवण्याला पर्याय नाही. मॉरिस मायनरसारख्या १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे अल्टरनेटर लावण्याआधी ती जोडणी उलटी करून घ्यावी लागते.

बेळगावकरांना एक मोठी सोय आहे, ती म्हणजे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत. इथे फाउंड्री आहे, लेथ आहे, आणि कामाची जाण असलेले टर्नर आहेत. क्रँकच्या पुलीला कॉम्प्रेसरसाठी दुसरी खोबण लागते. मूळ पुलीवर वेगळी चकती बोल्ट करण्यापेक्षा दोन खोबणींची अख्खी पुली बिडात ओतून कातून घेतलेली बरी, कारण चकती केसभर जरी मध्यापासून सरकली तरी बेल्ट थरथरतो. व्ही-बेल्टची पकड खोबणीच्या दोन्ही भिंतींवर असते, तळावर नसते. एका टर्नरनं वापरलेली पुली माझ्या हातात दिली आणि तळावर बोट ठेवलं. "हे चमकतंय बघा साहेब. बेल्ट खाली टेकतोय. कितीबी ताणा, घसरणारच की." भिंती मळकट होत्या आणि तळ आरशासारखा लखलखीत होता. बेल्ट ताणून ताणून कॉम्प्रेसरचं बेअरिंग मात्र खराब होत होतं.

कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटला जाड प्लेट घ्यावी आणि ती इंजिनाच्या ब्लॉकवरच बसवावी. कॉम्प्रेसर बॉडीला बांधला तर इंजिन आपल्या रबरी पायांवर हलतं, बॉडी हलत नाही, आणि बेल्टची सरळ रेषा दर झटक्याला मोडते.

उद्यमबागेचा एक मोह मात्र टाळायला हवा. हायड्रॉलिक होज, म्हणजे जास्त दाबाची रबरी नळी, टोकं दाबून बसवून (क्रिंप करून) देणारी दुकानं हाताशी आहेत, आणि ती होज एसीच्या पंधरा-वीस बारपेक्षा कितीतरी जास्त दाब सहज झेलते. पण इथे प्रश्न दाबाचा नाही. आर-१३४एचे रेणू साध्या रबरातून हळूहळू झिरपतात, आणि बाहेरची दमट हवा उलटी आत शिरते. आत नायलॉनचा थर असलेली बॅरियर होजच लागते. आर-१२ या आधीच्या गॅसवर चालणारा जुना कॉम्प्रेसर मिळाला तर त्यातलं मिनरल ऑइलही काढून टाकावं, कारण ते आर-१३४एमध्ये मिसळत नाही. गॅससोबत तेल फिरलं नाही की कॉम्प्रेसर कोरडा पडतो. आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला मारक. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटत गेला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून भारी आहे. त्यामुळे जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्या गॅरेजकडे गाडी नेऊ नये.

गॅस भरण्याआधी पंपानं पाइपमधली हवा ओढून व्हॅक्यूम करतात, आणि इथे आपल्या गावाची उंची मध्ये येते. पाइपमध्ये राहिलेलं पाणी कमी दाबाखाली उकळवून काढायचं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की गेजचा काटा (पाऱ्याच्या) २९ इंचांवर जायला हवा. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे हवेचाच दाब साडेसत्तावीस इंचांच्या आसपास, मग पंप कितीही चांगला असला तरी काटा त्यापुढे जाणार कसा? काटा सत्तावीसवर थांबला की पंप बिघडला असं समजून नवा पंप आणायची गरज नाही. आत एक इंच दाब उरला असेल तर पाणी २६ अंशांना उकळतं. जुलैच्या झडीत गॅरेजमध्ये वीस-बावीस अंशच असतात, तेव्हा तेवढ्या व्हॅक्यूमनं पाणी निघत नाही. दाब आणखी खाली न्यावा लागतो, पंप जास्त वेळ चालवावा लागतो, पाइप थोडे शेकून घेतले तर उत्तम. राहिलेला एक थेंबसुद्धा कूलिंग कॉइलच्या तोंडाशी असलेल्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठून एसी बंद पाडू शकतो.

कार्बोरेटरच्या गाडीत कॉम्प्रेसर लागला की आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, पडतं आणि इंजिन बंद होतं. कार्बोरेटरच्या मारुती ८०० एसीला त्यासाठी आयडल-अप, म्हणजे तो वेग थोडा वाढवून धरणारी सोय, होतं, तेच जुळवून घेता येतं. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला की कॉम्प्रेसरचा क्लच सुटेल असा छोटा स्विचही लावावा. चोर्ला घाटात ट्रकच्या पुढे काढताना तेवढी ताकद परत हाती येते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर एक गोष्ट आधीच ठरवावी. जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणून प्रत्येक भाग मूळच्या भोकांवर बोल्टनं बसेल आणि उद्या काढता येईल असाच करावा. पत्रा कापू नये. मूळ पुली, डायनमो, रेडिएटर घरी जपून ठेवावेत.

या भागात एसीची खरी गरज उन्हाळ्याइतकीच पावसाळ्यात आहे. खानापूर-जांबोटीच्या रस्त्यावर काचा बंद केल्या की विंडस्क्रीन आतून धुकट होते. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते, कोरडी हवा काचेवर आली की धुकं जातं. पण डॅशबोर्डखाली टांगलेल्या युनिटमध्ये हवा पायाकडे फेकण्याचीच सोय असते, म्हणून एक डक्ट वर काचेकडे नेऊन घ्यावा. गळणाऱ्या पाण्याची नळी सलग उतारानं फ्लोअरच्या मूळच्या ग्रॉमेटमधून (भोकातल्या रबरी कड्यातून) बाहेर काढावी. ती कुठे उंचावली तर पाणी कार्पेटखाली साचतं आणि फ्लोअरचा पत्रा आतून गंजायला लागतो.