हिरव्या रक्ताची फाइल

‘अमर्याद नाणी, सगळी हत्यारं मोफत’ असली आमिषं दाखवणारे मॉड, म्हणजे गेममध्ये केलेले फेरफार, फोनवर इतके फिरतात, की मॉड म्हणजे हॅकिंग किंवा चोरीचा माल, असा अनेकांचा समज झालाय. ऑनलाइन गेममधली नाणी मुळात फोनमध्ये नसतात, कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीत असतात. तुमच्याकडची फाइल बदलून तिथला आकडा हलत नाही. हलतो म्हणणाऱ्याला बहुधा तुमचा पासवर्ड हवा असतो.

खरा मॉड वेगळा. गेम सुरू होताना चित्रं, आवाज, नकाशे फाइलींमधून वाचतो. त्यांतल्या काहींच्या जागी आपल्या फाइली वाचायला लावायच्या, एवढंच. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये असाच ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणून सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ’वाल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला काढला.

शिकायचं असेल तर ‘डूम’पासून सुरुवात करा, असं मी सांगतो. डिसेंबर १९९३ मधला हा गेम जुना आहे, पण त्याचं पोट उघडून बघता येतं. ‘डूम’च्याच कंपनीच्या आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त लोक मूळ फाइलींवरच स्वतःच्या फाइली चढवायचे, चुकलं की गेम नव्याने टाका. तिथला प्रोग्रामर जॉन कार्मॅकने ‘डूम’मध्ये इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, एकीकडे आणि सगळा डेटा ‘वॅड’ नावाच्या फाइलीत, अशी वाटणी केली. शिवाय मूळ वॅडला हात न लावता छोटी जोड-वॅड शेजारी ठेवायची सोय दिली.

ही जोड-वॅड हाताने लिहिता येते. मी रंगांचा तक्ता बदलायचं ठरवलं. ‘डूम’मध्ये एका वेळी २५६ रंग असतात. प्रत्येक रंगाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा), म्हणजे एक तक्ता ७६८ बाइटचा. असे १४ तक्ते मिळून १०,७५२ बाइट. ‘स्लेड’ या मोफत एडिटरने मूळ तक्ते बाहेर काढले, प्रत्येक रंगातल्या लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली आणि पुढे बारा बाइटचं मथळ्याचं टोक लावलं. फाइलीतले बाइट दाखवणारा हेक्स एडिटर आकडे सोळाच्या पायात दाखवतो, मी दशमानात देतो:

८० ८७ ६५ ६८ – १ ० ० ० – १२ ४२ ० ०

पहिले चार म्हणजे पी, डब्ल्यू, ए, डी ही अक्षरं: ‘मी जोड-वॅड आहे’. पुढचा १ सांगतो, की आत डेटाचा एकच तुकडा आहे, म्हणजे आपले तक्ते. शेवटचे चार म्हणजे फाइलीच्या शेवटी असणारी तुकड्यांची सूची कुठे सुरू होते ते. हा आकडा उलटा लिहितात, एककं आधी: १२ अधिक ४२ गुणिले २५६, म्हणजे १०,७६४. तपासून बघा: मथळ्याचे १२ आणि तक्त्यांचे १०,७५२. सूचीत प्रत्येक तुकड्याला सोळा बाइट: चारांत जागा, चारांत आकार, आठांत नाव. आमच्या तुकड्याचं नाव ‘प्लेपाल’. रोमन लिपीत ते सात अक्षरी आहे, म्हणून आठव्या जागी शून्य. सगळी फाइल १०,७८० बाइटची.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. गेम मूळ वॅडची सूची वाचतो आणि तिच्या शेपटीला आपली सूची जोडतो. ‘प्लेपाल’ हवा असला, की हे लांबलचक हजेरीपत्रक तो शेवटून वाचत येतो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला घेतो. मूळ ‘प्लेपाल’ वर जागच्या जागी आहे, फक्त तिथपर्यंत कोणी पोचत नाही. नाव जुळवायची युक्तीही झकास. आठ अक्षरं म्हणजे ६४ बिट, म्हणजेच ३२ बिटांचे दोन पूर्णांक. अक्षरामागून अक्षर ताडून बघण्याऐवजी गेम नावाचे दोन आकडे करतो आणि फार तर दोन तुलनांत निकाल लावतो. नावं आठ अक्षरांच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे हे जमतं. हे डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या; ‘शेवटचा जिंकतो’ एवढं धरून ठेवा.

कारण हाच नियम पुढेही भेटतो. ‘स्कायरिम’ या गेममध्ये दोन मॉड एकाच वस्तूवर हक्क सांगू लागले, की नंतर लोड होणाऱ्याचं चालतं. ‘माइनक्राफ्ट’ गेमची चित्रं-आवाज बदलणाऱ्या रिसोर्स पॅकमध्ये त्याच फोल्डरात त्याच नावाचं चित्र ठेवलं, की यादीत वरचा पॅक जिंकतो, कारण तिथे वरचा शेवटी लागू होतो. मॉडवाल्यांतही तोडगे सांगणारे असतात: फाइलच्या नावाआधी झेड लावा, चालेल. जिथे फाइली अकारविल्हे लोड होतात तिथे झेडवाली शेवटी येते, म्हणून तो तोडगा लागू पडतो. इतरत्र तो लिंबू-मिरचीच. आणि ‘एक वाक्य लिहा, एआय मॉड बनवून देईल’ या जाहिरातीचं म्हणाल, तर ते फाइल देईलही, पण ती का चालत नाही हे शोधायला सूची कळावीच लागते.

माझी पहिली फाइल चाललीच नव्हती. मी १२ ४२ ऐवजी ४२ १२ लिहिलं होतं. गेम मुकाट ३,११४ व्या बाइटवर गेला, रंगांच्याच आकड्यांना नाव समजून बसला आणि ‘प्लेपाल’ मूळ वॅडमधून घेतला. एररचा एक शब्द नाही, रंग जुनेच. दीड तास मी अदलाबदल पुन्हा पुन्हा तपासत होतो.

दोन बाइट जागेवर आल्यावर राक्षसांचं रक्त हिरवं झालं. पण मार बसला की पडदाही हिरवा चमकायला लागला, कारण १४ पैकी दुसरा ते नववा हे आठ तक्ते त्या लाल चमकेचे असतात आणि मी तेही उलटवले होते. ते आठ मूळचे ठेवून पाहिले. चमक लाल झाली, पण तेवढ्या क्षणापुरतं राक्षसांचं रक्तही पुन्हा लाल. आता पहिल्या तक्त्यातला एकेक रंग पायरी-पायरीने लालाकडे सरकवून ते आठही नव्याने करायला घेतलेत.