नोर्डलिंगनच्या तटाआतले हिरे

बव्हेरियातलं नोर्डलिंगन हे ‘हिऱ्यांनी मढलेलं गाव’ असल्याच्या पोस्ट अधूनमधून फिरतात. इमारतींच्या दगडात हिरे आहेत, पण मढवलेलं काही नाही. सगळ्यात मोठे हिरेही अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. बहुतेक सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात.

१३२७ पासून उभारलेला इथला तट अखंड आहे. पाच दरवाजे, सुमारे २.७ किलोमीटरचा फेरा, बरीचशी वाट कौलारू छपराखालून. रमतगमत चाललं तरी तासभर पुरतो. गावाभोवती दूरवर टेकड्यांचं कडं आहे, तो रीस विवराचा काठ. व्यास सुमारे २४ किलोमीटर, वय दीड कोटी वर्षांच्या आसपास.

१९६० पर्यंत बहुतेकांना हे विवर ज्वालामुखीचं वाटे. दोष सुएवाइट या इथल्या खडकाचा. तटाआतलं सेंट जॉर्ज चर्च याच दगडाचं. राखाडी, त्यात काळपट काचेचे चपटे, सच्छिद्र गोळे. थेट ज्वालामुखीच्या राखेचा खडक भासतो. यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना जवळच्या ओटिंगच्या खाणीतल्या सुएवाइटमध्ये कोएसाइट सापडलं आणि वाद मिटला: विवर अशनीच्या धडकेचं.

कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच दाबून घट्ट झालेलं रूप. घनता घन सेंटिमीटरला २.६५ ग्रॅमवरून २.९ च्या पुढे जाते. त्यासाठी वातावरणाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब लागतो. भूपृष्ठाजवळचा कुठलाही उद्रेक तिथवर पोचत नाही. अशनीच्या धडकेतली आघातलहर सहज पोचते, पण तो दाब सेकंदाचा अंशभरच टिकतो. हिऱ्यांत तर ही घाई स्पष्ट दिसते. खोलवरच्या पट्टिताश्मात (नाइस खडकात) ग्राफाइट, म्हणजे हिऱ्यासारखाच पण थराथरांचा कार्बन, होतं. अणूंना हलून नवा स्फटिक रचायला वेळच मिळाला नाही. थर जागच्या जागी एकमेकांवर दाबले गेले आणि त्यांच्यात बंध जुळले. म्हणून इथले हिरे अष्टफलक नसून ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखे चपटे आहेत!

दगड पाहायचा तर दहापट भिंगात काच आणि तिच्यातले बुडबुडे दिसतील. क्वार्ट्झमधल्या आघातरेषांसाठी मात्र ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून ध्रुवित प्रकाशात धरावा लागतो. याच काचेची कालांतराने चिकणमाती होते, ती पाण्याने फुगते, पृष्ठभागाचे पोपडे सुटतात. म्हणून चर्चच्या दगडांची डागडुजी चालूच असते.

याच धडकेत वितळलेली वाळू आजच्या चेक प्रदेशात हिरवी काच होऊन पडली. ते मोल्डावाइट आता ‘नशीब बदलणारं’ म्हणून विकलं जातं. काचेत नशीब बदलण्याची कसलीही शक्ती नसते.

आपल्या लोणारलाही पूर्वी ज्वालामुखीच म्हणत. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नगण्य, त्यामुळे तिथे कोएसाइटच्या भरवशावर राहता येत नाही. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची, न वितळता आघाताने झालेली काच, म्हणजे मास्केलिनाइट, तिथे पुरावा ठरली.