एका नावाखाली दोन स्केट

कोकणात ज्यांनी पाकट मासा पाहिला आहे, त्यांना स्केट ओळखीचा वाटेल. तसंच चपटं अंग, तसेच पसरट पर. मात्र स्केटच्या शेपटीला विषारी नांगी नसते, आणि तो पिल्लं देत नाही, अंडी घालतो.

ईशान्य अटलांटिकमधल्या मोठ्या स्केटला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये ‘राया बाटिस’ असं नाव दिलं. १८३७ मध्ये रिचर्ड पार्नेल यांनी स्कॉटलंडच्या माशांवरून ‘इंटरमेडिया’ ही निराळी जात नोंदवली. पण १९२६ मध्ये आर. एस. क्लार्क यांनी युरोपातल्या स्केटांची फेरमांडणी करताना ती बाटिसमध्येच मिसळली. पुढची ८० वर्षं तीच मांडणी चालली.

ही चूक फार महागात पडली. १९८१ मध्ये कीथ ब्रँडर यांनी आयरिश समुद्रातून हा मासा जवळपास संपल्याचं दाखवलं, तेव्हाही हिशेब एकाच जातीचा होता. २०१० मध्ये फ्रान्सच्या सॅम्युएल इग्लेसियास आणि सहकाऱ्यांनी बंदरांवर उतरलेले मासे मोजले, दात-काटे पाहिले, जनुकं तपासली. दोन जाती पुन्हा वेगळ्या झाल्या. त्याच वर्षी ब्रिटिश संशोधकांचा जनुकीय अभ्यासही तेच सांगत होता.

लहान तो ब्लू स्केट, म्हणजे आजचा डिप्टुरस बाटिस (‘राया’ऐवजी आता ‘डिप्टुरस’ म्हणतात). त्याचे डोळे फिकट पिवळे, लांबी साधारण १४० सेंमीपर्यंत. मोठा तो फ्लॅपर स्केट, डिप्टुरस इंटरमेडियस. त्याचे डोळे गडद हिरवट आणि लांबी दोन मीटरच्याही पुढे. ब्लूची मादी सुमारे १२३ सेंमीची झाली की वयात येते, फ्लॅपरची १९८ सेंमीच्या आसपास. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म या दोन आकड्यांत आहे. फ्लॅपरचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच जाळ्यात अडकण्याइतकं मोठं असतं, आणि एकदाही अंडी घालण्याआधी त्याला कित्येक वर्षं त्या जाळ्यांतून वाचावं लागतं. तो मोठा मासा घटत असताना एकत्रित नोंदींत त्याची घट वेगळी दिसायला जागाच नव्हती.

फ्लॅपर आज मुख्यतः स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेला, खोल खाड्यांत टिकून आहे. ब्लू जास्त करून आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या सेल्टिक समुद्रात आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या रॉकॉल या खडकाच्या परिसरात सापडतो. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ फ्लॅपरची शंभराहून जास्त अंडी असलेला समुद्रतळ तातडीने संरक्षित केला गेला. तिथलं एकेक अंडं उबायला दीड वर्ष लागतं.