चेंडू पायात, सामना हातातून: ताबा ठेवण्याच्या फुटबॉलची पार्श्वभूमी

बेळगावच्या मैदानांवर गोलकिकचं, म्हणजे विरोधकाकडून चेंडू गोलरेषेपलीकडे गेल्यावर गोलसमोरून होणाऱ्या किकचं, चित्र आता बदललंय. पूर्वी गोली धावत येऊन चेंडू थेट मध्यरेषेपलीकडे भिरकावायचा. आता शाळकरी संघांतसुद्धा दोन बॅक (बचावपटू) गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये येऊन थांबतात आणि गोली त्यांच्या पायात छोटा पास देतो. एका अंगाला गोवा आणि दुसऱ्या अंगाला कोल्हापूर, त्यामुळे इथल्या पोरांना फुटबॉलचं वेड नवं नाही. छोट्या पासांनी चेंडू आपल्याकडेच ठेवण्याची ही पद्धत मात्र टीव्हीवरून आली. ती कशातून घडली हे न पाहता नुसती उचलली, तर गोल आपल्याच जाळ्यात बसतात.

मूळ हॉलंडचं. प्रशिक्षक रिनस मिशेल्स यांच्या आयाक्स संघाने 1971 मध्ये युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. त्यांचाच हॉलंड 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून 2-1 असा हरला, तरी जगाने लक्षात ठेवला तो हॉलंडचा खेळ. मिशेल्सचा खेळाडू योहान क्रायफ 1988 मध्ये बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला. 1991 ते 1994 अशी सलग चार वर्षं त्याने स्पॅनिश लीग जिंकली, 1992 मध्ये युरोपियन कपही. 1994 ला अथेन्समधल्या अंतिम सामन्यात मात्र प्रशिक्षक कपेलोंच्या इटालियन मिलानने हाच संघ 4-0 असा धुऊन काढला. म्हणजे या खेळाची दुखरी नस तेव्हाच उघडी पडली होती: चेंडू गेला की मागे मोकळं रान.

दरम्यान नियमांनी हातभार लावला. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलीला हातात घेता येईना, म्हणून गोलीला पायाने खेळणं शिकावं लागलं. 2019 पासून गोलकिकचा चेंडू बॉक्सबाहेर जाण्याची अट गेली. तो बॉक्समध्येच घेता येतो आणि चेंडू खेळात येईपर्यंत विरोधकाला बाहेरच थांबावं लागतं. आज दिसणारी दोन बॅकची मांडणी या नियमामुळे आली.

पेप ग्वार्दिओला यांनी 2008 ते 2012 या काळात बार्सिलोनाचे आणि नंतर बायर्न म्युनिकचे प्रशिक्षक म्हणून याला काटेकोर रूप दिलं. मैदानाचे पाच उभे पट्टे पाडायचे, एका आडव्या रेषेत तिघांपेक्षा जास्त नकोत, एका उभ्या पट्ट्यात दोघांपेक्षा जास्त नकोत. चेंडू गेला तर पहिली पाच सेकंद जवळच्या सगळ्यांनी तुटून पडायचं. पाया रोंडो या सरावाचा: साधारण आठ-दहा मीटरच्या चौकोनात चौघे बाहेर पास देत, दोघे आत चेंडू हिसकावत. पास घेणाऱ्याने अंग उघडं ठेवून चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा. जवळच्या पायावर घेतला तर पाठ मैदानाकडे होते आणि चेंडू आला तिथेच परत द्यावा लागतो. नक्कल करणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. विरोधकाला एका बाजूला ओढून दुसरी बाजू मोकळी करायची, यासाठी पास असतो. कोणी हललंच नाही, तर शंभर पासांनीही काही होत नाही.

2010 च्या चॅम्पियन्स लीग (युरोपियन कपचं नवं नाव) उपांत्य फेरीत प्रशिक्षक मोरिन्यो यांच्या इटलीच्या इंटरने बार्सिलोनाविरुद्ध हे दाखवून दिलं. पहिला सामना 3-1 जिंकून आलेला इंटर परतीच्या सामन्यात 28 व्या मिनिटाला दहा खेळाडूंवर आला. तरी बॉक्ससमोर दाट भिंत उभी करून त्याने फक्त एक गोल खाल्ला आणि अंतिम फेरी गाठली. कडा मोकळ्या सोडल्या, मधला भाग बंद केला. चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेला मागून फिरत राहिला. स्पेनचंही पुढे तेच झालं. 2018 च्या विश्वचषकात रशियाविरुद्ध हजारावर पास झाले, मिळालेला एकमेव गोल रशियाच्या इग्नाशेविचचा स्वयंगोल, आणि पेनल्टीवर घरी. 2022 च्या विश्वचषकात जपानकडे चेंडू 20 टक्क्यांहून कमी वेळ होता, पण उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोली उनाई सिमोनपासून चाललेली बांधणी त्यांनी दाबून फोडली आणि डोआनने गोल ठोकला. स्पेन 2-1 हरला. मग मोरोक्कोविरुद्ध 120 मिनिटं गोलशून्य, तिन्ही पेनल्टी वाया.

हट्टाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती बढती मिळालेल्या इंग्लिश संघांनी. व्हिन्सेंट कोम्पनी यांचा बर्नली 2022-23 मध्ये दुसऱ्या श्रेणीत 101 गुण मिळवून वर आला आणि पुढच्या हंगामात 24 गुणांवर खाली गेला. रसेल मार्टिन यांच्या साउथहॅम्प्टनचे 2024-25 मध्ये 16 सामन्यांत 5 गुण होते, तेव्हा त्यांना काढलं. कारण सरळ आहे. खालच्या श्रेणीत प्रेस, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून येणारा विरोधकांचा दबाव, उशिरा येतो, बॅकला मान वर करून बघायला वेळ मिळतो. वर तो वेळ मिळत नाही, आणि स्वतःच्या गोलपासून वीस मीटरवर चेंडू गेला तर वाचवायला मागे कोणी उरत नाही. कबड्डीत चढाईवाला पाय पुढे करून बचावपटूला मोहात पाडतो, तसं चेंडूवर पाय ठेवून विरोधकाला बोलवायचं असतं. पण निसटण्याची ताकद असेल तरच. खुद्द ग्वार्दिओला यांनी मँचेस्टर सिटीत उंच फॉरवर्ड हालांडला घेतलं, गोली एडरसनच्या लांब किकचा वापर केला आणि 2023 मध्ये तीन मोठे किताब जिंकले. मूळ माणूस बदलला, चेले अडून राहिले.

आपल्या शेजारी एफसी गोवा संघात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी 2017 ते 2020 हाच खेळ रुजवला. तो टिकला, कारण पुढे कोरोसारखा गोल मारणारा आणि बचावासमोर अहमद जाहूसारखा लांब पास टाकणारा होता. तरी इंडियन सुपर लीगच्या 2019 च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने जादा वेळेत 1-0 असं हरवलं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रशिक्षकांनी आधी मैदान बघावं. लाल मातीवर चेंडू गुडघ्याला उसळतो, तो दबवायला एक-दोन स्पर्श जास्त लागतात, तेवढ्यात प्रेस पोहोचतो. पावसात चेंडू डबक्यात अडकतो, म्हणून गोलसमोरून आडवा पास तर नकोच. गोलीला एक साधा हिशेब द्यावा: बॉक्सच्या कडेला विरोधकांचे दोघेच असतील तर छोटा पास, तिघे आले तर मध्यरेषेकडे, कडेच्या बाजूला लांब किक. ती किक आंधळी नको. उंच फॉरवर्डच्या मागे आठ-दहा मीटरवर दोन हाफ (मधल्या फळीचे खेळाडू) उभे असले तरच दुसरा चेंडू, म्हणजे हवेतल्या झुंजीतून सुटलेला चेंडू, आपल्याला मिळतो. सरावात रोंडोइतकाच वेळ या दुसऱ्या चेंडूला द्यावा, आणि तोही सामन्याच्याच मैदानावर. टर्फवर घोटलेला पहिला स्पर्श मातीवर उपयोगी पडत नाही.