पाणी मुरणार की माती घेऊन पळणार?

शेतातलं सुपारीएवढं कोरडं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्याच्या ग्लासात बुडवा. सतत नांगरलेल्या, उघड्या जमिनीतलं असेल तर बुडबुडे सोडत काही मिनिटांत फुटतं आणि पाणी गढूळ होतं. त्याच शेताच्या बांधावर, गवताच्या मुळांत सापडलेलं ढेकूळ बहुधा बराच वेळ टिकतं. माती तीच, फरक असतो तो चिकटपणाचा. मुळांचे पाझर, जिवाणूंचा चिकटा आणि बुरशीचे तंतू बारीक कणांना बांधून ठेवतात. कणांमध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी मुरतं ते त्यांतूनच.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं आदळतो. खाली पालापाचोळा किंवा पीक नसेल तर कण सुटतात, पोकळ्यांची तोंडं बुजतात, वर खपली धरते. मग धो धो पाऊस पडूनही वीतभर खाली माती कोरडीच, आणि ओढा मात्र दुथडी.

हे पाणी शेतातलं खतही नेतं. स्फुरद (फॉस्फरस) बरंचसं मातीच्या कणांना चिकटून जातं, म्हणून ओढ्याकाठची गवताची पट्टी ते अडवू शकते. नायट्रेट, म्हणजे नत्राचं एक रूप, विरघळून जमिनीखालून निसटतं. त्याला खोल मुळंच गाठू शकतात.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरात विषारी नील-हरित शेवाळ माजलं आणि टोलेडो परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. शेवाळाला पोसणारं स्फुरद मुख्यतः शेतांतून आलेलं. गंमत म्हणजे त्या भागात बिननांगरटीची शेती आधीपासून रुजली होती! धूप त्यानं कमी होते, पण वरून फेकलेलं खत वरच्याच थरात साचतं आणि विरघळून पावसाबरोबर निघून जातं. नांगर थांबवला तर खत बियाण्याजवळ, मातीआड पेरून द्यायला हवं.

हवामानाचं काय? जगातल्या मातीत वातावरण आणि वनस्पती यांच्यातल्या एकत्रित कर्बापेक्षा (कार्बनपेक्षा) जास्त कर्ब आहे. त्यामुळे मातीत कर्ब साठवून तापमानवाढ रोखायच्या घोषणा होतात. मला त्या जरा फुगवलेल्या वाटतात. काही दशकांनी साठवण मंदावते आणि पुन्हा नांगरट सुरू झाली की साठवलेलं हवेत परतू लागतं. शेतकऱ्यानं सेंद्रिय कर्ब वाढवावा तो माती पाणी मुरवून धरून ठेवेल आणि पावसानं ओढ दिल्यावर पीक आणखी काही दिवस तग धरेल म्हणून.