वृक्षछत्राचा नागरी अभिमान

शहरातील झाडांच्या फांद्या-पानांनी जमिनीवर धरलेल्या एकत्रित आच्छादनाला वृक्षछत्र म्हणतात. वरून पाहताना शहराचा जेवढा भाग या आच्छादनाखाली झाकला जातो, त्यावरून त्याची टक्केवारी काढतात. ही झाडे आपली आहेत, त्यांच्यामुळे शहराला ओळख आहे आणि त्यांची राखण आपल्याकडे आहे, ही रहिवाशांची सामायिक भावना म्हणजे वृक्षछत्राचा नागरी अभिमान.

हा अभिमान मुख्यतः जुन्या झाडांभोवती असतो, आणि ते रास्तच आहे. रोप लावणे एका सकाळचे काम. रस्त्याच्या दोन्ही कडांच्या फांद्या मधोमध एकमेकींत मिसळायला कित्येक दशके जातात. लावणाऱ्याला ती सावली बहुधा लाभत नाही. मोठ्या झाडाचा पानोळा रोपाच्या कितीतरी पट असतो. त्याच्या सावलीने रस्ता कमी तापतो, पानांतून सुटणाऱ्या बाष्पाने हवा निवते आणि पावसाचे पाणी पानापानांवर अडून सावकाश खाली उतरते. म्हणून एका जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे, हा हिशेब कागदावरच जुळतो.

झाडावर कुऱ्हाड येते तेव्हा हा अभिमान उघड होतो. इंग्लंडमधील शेफील्डमध्ये २०१२ साली झालेल्या रस्तेदुरुस्तीच्या २५ वर्षांच्या करारात, रस्त्यांवरील सुमारे ३६,००० झाडांपैकी १७,५०० काढण्याची तरतूद होती. त्यांतल्या अनेक निरोगी झाडांचा दोष एवढाच, की मुळांनी पदपथाची फरशी उचलली होती. रहिवासी बुंध्यांभोवती उभे राहिले, काहींना अटकही झाली. २०१८ मध्ये तोड थांबली, पण तोवर पाच हजारांहून अधिक झाडे गेली होती. पुढे चौकशी झाली आणि २०२३ मध्ये नगरपरिषदेने जाहीर माफी मागितली.

मेलबर्नची गोष्ट वेगळी. दीर्घ दुष्काळाने तेथील झाडे खंगली, तेव्हा शहराने सार्वजनिक जागांवरील छत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. मोडलेल्या फांद्या वगैरे कळवता याव्यात म्हणून झाडांना ईमेल पत्ते दिले. तक्रारी आल्याच, पण लोकांनी झाडांनाच प्रेमपत्रेही धाडली!

अभिमान डोळस नसेल तर धोकाही असतो, विशेषतः एकाच जातीच्या देखण्या रांगांचा. अमेरिकेत कित्येक गावांचे रस्ते एल्मच्या कमानींसाठी नावाजलेले होते. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने ती झाडे पटापट वाळली, कारण शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली जुळलेली असतात आणि त्यांतून बुरशी पुढच्या झाडात शिरते. मोकळ्या झालेल्या जागी अनेक ठिकाणी पुन्हा एकाच जातीची, अ‍ॅशची, झाडे लावली गेली. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ अ‍ॅशचे खोड पोखरणारा हिरवा भुंगा आढळला आणि त्यांतल्या कित्येक रस्त्यांवरची सावली दुसऱ्यांदा हरपली.