सायप्रसमधील परकीयांची स्थावर मालमत्ता-खरेदी

पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर परदेशी नागरिक घर, सदनिका किंवा जमीन विकत घेऊ शकतो. मात्र त्याचे नागरिकत्व कोणते आणि मालमत्ता बेटाच्या कोणत्या भागात आहे, यांवर त्या मालकीचे कायदेशीर बळ ठरते. 2004 मध्ये युरोपीय संघात प्रवेश केलेल्या सायप्रस प्रजासत्ताकात संघातील नागरिकांना जवळजवळ स्थानिकांप्रमाणेच खरेदी करता येते. भारतीयांसह इतर परकीयांना मात्र ब्रिटिश राजवटीपासून चालत आलेल्या कायद्यानुसार शासनाची परवानगी घ्यावी लागते. ती साधारणपणे एका घरासाठी किंवा 4,014 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी मिळते. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे तीन दोनुम होत, आणि दोनुम हे ऑटोमन काळापासून तेथे रुजलेले जमिनीचे माप आहे. आपल्या हिशेबाने हे क्षेत्र एक एकराला, म्हणजे चाळीस गुंठ्यांना, किंचित कमी भरते.

मालकीच्या दाखल्याला बेटावर आजही ‘कोचान’ हा ऑटोमन शब्द वापरतात, आणि सर्व व्यवहाराचे मर्म या कागदात आहे. नव्या इमारतीत सदनिकेचा ताबा मिळाला, तरी तिचा स्वतंत्र दाखला निघण्यास अनेक वर्षे लागू शकतात. मधल्या काळात जमीन विकासकाच्या नावे राहते आणि तिच्यावर बँकेचे गहाण असू शकते. 2013 च्या बँकिंग संकटानंतर हा दोष ठळकपणे समोर आला, कारण पूर्ण पैसे भरलेल्या हजारो ग्राहकांच्या घरांवर विकासकांच्या कर्जाचा बोजा कायम होता. त्यांना दाखले मिळवून देण्यासाठी 2015 मध्ये खास कायदा करावा लागला. त्यामुळे केवळ साठेखतावर सही करून थांबणे धोक्याचे आहे. तो करार मुदतीत भूनोंदणी खात्यात दाखल केला, तर ग्राहकाला न्यायालयामार्फत कराराची अंमलबजावणी मागण्याचा हक्क मिळतो. मात्र करार दाखल होण्यापूर्वी नोंदलेले गहाण त्याच्या वरचढ ठरते, म्हणून बोजाचा शोध सहीच्या आधीच घ्यावा लागतो, आणि तोही विकासकाने सुचवलेल्या नव्हे तर स्वतः निवडलेल्या वकिलाकडून घेणे इष्ट.

1974 च्या तुर्की लष्करी कारवाईनंतर बेटाची फाळणी झाली आणि प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष कारभार दक्षिण भागापुरता उरला. 1983 मध्ये उत्तर भागात घोषित झालेल्या राज्याला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही. तेथील बरीच जमीन विस्थापित ग्रीक सायप्रियटांच्या, म्हणजे बेटावरील ग्रीकभाषक रहिवाशांच्या, मालकीची आहे, आणि तेथील स्वस्त बंगल्यांच्या जाहिराती पाहताना हे विसरता कामा नये. उत्तरेतील लापिथोस येथे अशा जमिनीवर घर बांधलेल्या ब्रिटिश दांपत्याविरुद्ध मूळ मालकाने प्रजासत्ताकाची राजधानी निकोसिया येथील न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने बांधकाम पाडून जमीन परत करण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल 2009 मध्ये हा निकाल संघातील इतर देशांनीही मान्य करावा असे ठरवले, आणि त्यामुळे त्याची झळ त्या दांपत्याच्या इंग्लंडमधील मालमत्तेपर्यंत पोहोचू शकली. शिवाय प्रजासत्ताकाने 2006 मध्ये फौजदारी कायद्यात बदल करून नोंदणीकृत मालकाच्या संमतीविना त्याच्या मालमत्तेचा व्यवहार करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरवला. घरातून हुसकावलेल्या कुटुंबाचा हक्क कालांतराने आपोआप विझत नाही, ही या तरतुदीमागची भूमिका न्याय्य आहे.

मोठ्या गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणारी प्रजासत्ताकाची योजना गैरप्रकार उघड झाल्यावर नोव्हेंबर 2020 मध्ये बंद झाली. किमान तीन लाख युरोंच्या नव्या घराच्या आधारे कायम वास्तव्याचा परवाना मागण्याची तरतूद वेगळी असून, त्या परवान्याने नागरिकत्व मिळत नाही.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला अशा खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, आणि कुटुंबातील सदस्य आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात. निवासी करदात्याने हे घर प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवणे बंधनकारक आहे. ते न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.